ब्रँडच्या नावावर बोली लावण्याआधी: नवख्या ॲफिलिएटसाठी

ॲफिलिएट म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाकडे गिऱ्हाईक पाठवून विक्रीमागे कमिशन घेणारा; इथे तो गूगलवर स्वतःच्या खर्चानं जाहिरात देतो. समजा, एखादं ऑनलाइन दुकान ५ टक्के कमिशन देतं आणि सरासरी ऑर्डर २००० रुपयांची आहे. म्हणजे एका ऑर्डरमागे तुमच्या हाती १०० रुपये. 'चालण्याचे बूट' अशा साध्या कीवर्डवर (म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी म्हणून बोली लावतात, त्यांवर) क्लिक १० रुपयांना पडला आणि शंभरातल्या दोघांनी खरेदी केली, तर एका ऑर्डरला ५०० रुपये खर्च. सरळ तोटा. तेच दुकानाचं नाव आणि पुढे 'कूपन' असा कीवर्ड घेतला, क्लिक ४ रुपयांना मिळाला आणि शंभरातल्या दहांनी खरेदी केली, तर खर्च ४० आणि नफा ६०. आकडे मानलेले आहेत, पण नवखा माणूस ब्रँडच्या नावाकडे का वळतो ते यातून कळतं. दुकानदार का चिडतो तेही यातच आहे. दुकानाचं नाव टाइप करणारा गिऱ्हाईक बहुधा तिथे जाणारच होता. त्याच्यापायी आता कमिशन द्यायचं, वर लिलावात एक बोली वाढल्यामुळे स्वतःच्याच नावाचा क्लिक महाग घ्यायचा.

इथे तीन नियम एकाच वेळी लागू असतात: गूगलचा, कायद्याचा आणि ॲफिलिएट कराराचा. पहिल्या दोघांत चालतं म्हणून तिसऱ्यात चालेल, असं धरून चालणं हीच सगळ्यात महागडी चूक.

ट्रेडमार्क असलेला शब्द कीवर्ड म्हणून घेण्याला गूगल ॲड्स हरकत घेत नाही. हरकत येते ती जाहिरातीच्या मजकुरात तो शब्द असेल आणि मालकानं तक्रार केली तर. जुलै २०२३ पासून नव्या तक्रारींवरची कारवाई ठरावीक जाहिरातदारांपुरती किंवा जाहिरातींपुरती होते. वस्तू खरोखर विकणाऱ्या किंवा तिची माहिती देणाऱ्या पानांना मजकुरात नाव वापरायची सवलत आहे, मात्र पानावर किंमत किंवा खरी माहिती दिसायला हवी. नुसतं 'ऑफर पाहा' असं बटण असलेलं पान या सवलतीत बसत नाही. उलट स्वतःचा मजकूर नसलेलं, फक्त पुढे ढकलणारं पान म्हणून ते वेगळ्याच नियमाखाली नाकारलं जातं.

कायद्याचं चित्र भारतात आता बरंच स्पष्ट आहे. अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं १० ऑगस्ट २०२३ रोजी सांगितलं की कीवर्ड म्हणून नाव वापरणं हा ट्रेडमार्कचा वापरच आहे, पण तेवढ्यानं उल्लंघन होत नाही. गिऱ्हाइकाची दिशाभूल होते का, हे पाहावं लागतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेकमायट्रिप आणि बुकिंग डॉट कॉम यांच्या वादातही हीच दिशा राहिली. अमेरिकेतला १-८०० कॉन्टॅक्ट्स विरुद्ध लेन्स डॉट कॉम हा २०१३चा निकाल ॲफिलिएटनं जरूर वाचावा. तिथे ॲफिलिएटनं मजकुरात स्पर्धकाचं नाव घातलं होतं, आणि कळल्यावरही ते न थांबवणाऱ्या दुकानावर जबाबदारी येऊ शकते असं अपील न्यायालयानं म्हटलं. दुकानदारांचे करार एवढे कडक का असतात, याचं एक कारण इथे सापडतं.

आता करार. काही दुकानं स्वतःच्या नावावरची बोली पूर्ण बंद ठेवतात, काही फक्त नुसतं नाव बंद ठेवून 'नाव अधिक कूपन' चालू देतात, काही लेखी परवानगी मागतात. अमेझॉनचा करार तर 'अमेझॉन', 'किंडल' आणि त्यांच्या चुकीच्या स्पेलिंगवरही बोली लावू देत नाही. सर्च जाहिरातीतून थेट अमेझॉनवर पाठवणंही बंद. परवानगी तोंडी किंवा चॅटवर मिळाली तर तिला किंमत देऊ नका. कोणते शब्द, कोणता देश, कोणत्या तारखेपर्यंत, हे ईमेलवर घ्या.

खरी अडचण कराराच्या पुढे सुरू होते. तुम्ही ब्रँडचं नाव कीवर्डमध्ये घातलेलंच नसतं, तरी जाहिरात तिथे दिसते. ब्रॉड मॅचवरचा (मिळत्याजुळत्या शोधांनाही लागणारा) 'रनिंग शूज सेल' हा कीवर्ड एखाद्या ब्रँडच्या नावाच्या शोधाला सहज लागतो. दुकानदाराला स्क्रीनशॉटमध्ये फक्त तुमची जाहिरात दिसते, तुमचा कीवर्ड नाही. म्हणून बहुतेक करारांत निगेटिव्ह कीवर्ड (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसू नये ते) लावायची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असते. नाव एका शब्दात, दोन शब्दांत तोडून, '.कॉम' जोडून, प्रत्येक उत्पादनाच्या नावानं, आणि रोमनबरोबर देवनागरीतही घाला. जून २०२४ पासून निगेटिव्ह कीवर्ड चुकीचं स्पेलिंगही अडवतात, पण समानार्थी शब्द किंवा अनेकवचन अडवत नाहीत. मराठीत आणखी एक मेख आहे: 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंधही लिहिलं जातं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. दिसायला सारखं, यंत्राला वेगळं. दोन्ही रूपं घाला, बिनचंद्राचं रूपही घाला. यादी सगळ्या मोहिमांसाठी सामायिक ठेवा (एका यादीत ५००० शब्द मावतात), म्हणजे नवी मोहीम उघडताना ती जोडायची राहणार नाही. परफॉर्मन्स मॅक्स (गूगल स्वतःच सगळीकडे जाहिरात दाखवतं तो मोहिमेचा प्रकार) चालवत असाल तर तिथे ब्रँड एक्स्क्लूजन, म्हणजे ब्रँडची नावं वगळण्याची सोय, वेगळी लावावी लागते.

सर्च टर्म्स रिपोर्ट (कोणत्या शोधांवर जाहिरात दिसली त्याची यादी) रोज पाहा, पण त्यावर विसंबू नका. थोड्या वेळा आलेले शोध गूगल त्यात दाखवतच नाही.

मजकुराचे दोन सापळे. डायनॅमिक कीवर्ड इन्सर्शन (कीवर्ड आपोआप जाहिरातीत घालणारी सोय) चालू असेल आणि ॲड ग्रुपमध्ये (मोहिमेतल्या कीवर्ड-जाहिरातींच्या गटात) एखादा ब्रँड कीवर्ड असेल, तर ते नाव आपोआप मथळ्यात जातं. आणि आपोआप तयार होणारे ॲसेट्स (जाहिरातीचे मथळे, वर्णनं) तुमच्या पानावरून मजकूर उचलतात. पानावर ब्रँडचं नाव असणारच, त्यामुळे ही सोय बंदच ठेवलेली बरी.

दुकानाच्या मुख्यालयाचं शहर वगळायचं आणि रात्रीच जाहिरात चालवायची, ही युक्ती कुणी शिकवेल. ऐकू नका. देखरेख करणारी साधनं वेगवेगळ्या शहरांतून, चोवीस तास शोध घेतात आणि जाहिरातीपासून दुकानापर्यंतच्या लिंकच्या (रिडायरेक्टच्या) साखळीतून तुमचा ॲफिलिएट आयडी काढतात. चुकून झालेलं एक वेळ समजावता येतं, पण शहर वगळलेलं दिसलं की हेतूच उघडा पडतो. मग कमिशन उलटवलं जातं आणि खातंही बंद होतं.

दुकानाची नोटीस आलीच तर आधी मोहीम थांबवा, मग चेंज हिस्टरी (खात्यात केलेल्या बदलांची नोंद), निगेटिव्ह यादी आणि त्या तारखेचा सर्च टर्म्स रिपोर्ट डाउनलोड करून त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा. मोहीम डिलीट करू नका. तसं केलं तर पुरावा दडवल्यासारखं दिसतं.