लॅपटॉपची बॅटरी ३८ टक्क्यांवरून थेट बंद? आधी आकडा तपासा

बॅटरी ३८ टक्के दिसते म्हणून चार्जर न लावता मीटिंगला बसावं आणि पाचव्या मिनिटाला स्क्रीन काळी! दुरुस्तीवाल्याकडे गेलात की 'बॅटरी गेली' हे उत्तर तयारच असतं. कधी ते खरं असतं, कधी नुसता आकडा चुकलेला असतो. यातलं नेमकं काय झालंय, ते घरीच कळू शकतं.

हा आकडा बॅटरीतली एक छोटी चिप काढते. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना सुमारे ४.२ व्होल्ट असतो, रिकामा होताना ३ च्या आसपास. मधल्या मोठ्या टप्प्यात मात्र व्होल्टेज फारसं हलत नाही. म्हणून किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला, याचा हिशोब चिप मांडत राहते, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा. बारीक चुका साठत जातात. त्या जुळवायची खरी संधी बॅटरी काठोकाठ भरली किंवा तळाला गेली तरच मिळते. वर्षभर चार्जर लावूनच काम केलं, तर ती मिळणार कधी?

रिपोर्ट काढा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करा (powercfg /batteryreport). तयार झालेल्या फाइलचा पत्ता तिथेच दिसतो; ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५०,००० मिलिवॉट-तास आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावर मावते ती) ३१,००० असेल, तर बॅटरीत मूळच्या ६२ टक्केच दम उरलाय. टक्के भराभर पण सरळ उतरत असतील, तर ही झीज आहे. आकडा बिचारा खरं बोलतोय. खाली कपॅसिटी हिस्टरीही बघा. तिथले आकडे हळूहळू उतरण्याऐवजी वर-खाली उड्या मारत असतील, तर गोंधळ चिपच्या हिशोबात आहे.

चार्जिंग ८० किंवा ६० वरच अडतं? मग बहुतेक मर्यादा लावलेली असते: लेनोवोत कन्झर्व्हेशन मोड, आसूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग. हा बिघाड नाही, बॅटरी टिकावी म्हणून केलेली सोय आहे.

सोपे उपाय. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीचा ड्रायव्हर काढून रीस्टार्ट करा, असंही सगळे सांगतात. त्याने क्वचितच फरक पडतो, पण नुकसानही नाही.

कॅलिब्रेशन, म्हणजे चिपचा हिशोब पुन्हा जुळवणं. खरा उपाय हाच. सुट्टीचा दिवस धरा. वरची मर्यादा तात्पुरती काढून बॅटरी १०० टक्के भरा आणि आणखी तास-दोन तास चार्जर राहू द्या. मग चार्जर काढून ती पूर्ण संपवा. विंडोज साधारण ५ टक्क्यांना लॅपटॉप हायबरनेट करतं (चालू काम साठवून बंद करतं), त्यामुळे तळ गाठलाच जात नाही. त्यावर युक्ती अशी: शेवटी शेवटी रीस्टार्ट करून बायोसचा (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगचा) स्क्रीन उघडा आणि तसाच सोडून द्या. तिथे कुठलीच फाइल उघडी नसते, त्यामुळे लॅपटॉप धाडकन बंद झाला तरी काही बिघडत नाही. दोन-तीन तास तसाच ठेवून पुन्हा एका दमात १०० पर्यंत चार्ज करा. पूर्ण रिकामं करणं बॅटरीला मानवत नाही, म्हणून हे दर महिन्याला करत बसू नका. आकडा बिघडला तरच करा. आत बॅटरी बसवलेल्या मॅकबुकला तर याची गरजच नसते.

यानंतरही नुसतं टायपिंग करताना ठीक चालतं, पण गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू करताच लॅपटॉप बंद पडतो? मग सेल थकलाय. जास्त करंट मागितला की त्याचं व्होल्टेज कोसळतं. बॅटरी बदला. आणि टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर कॅलिब्रेशनच्या वाटेला जाऊच नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, लगेच बदलून घ्या.

नवी बॅटरी बसवल्यावर दुकानातच पुन्हा रिपोर्ट काढा. कपॅसिटी वेष्टनावरच्या आकड्याशी जुळते का ते बघा, आणि सायकल काउंट (बॅटरी आजवर किती वेळा भरून वापरली, तो आकडा) दिसत असेल तर तो शून्याच्या जवळपास हवा. तो शेकड्यांत निघाला, तर पैसे देण्याआधीच विचारा.