थ्रस्टरचा धूर क्रिस्टलवर तोलताना

थ्रस्टर म्हणजे अंतराळयानाला ढकलणारं छोटं इंजिन. त्याचा धूर म्हणतेय खरी, पण निर्वातात तो डोळ्यांना दिसत नाही. तोलावाच लागतो.

पहिला क्वार्ट्झ क्रिस्टल मी नॉझलच्या (वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) तोंडामागे लावते, प्लूमच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोताच्या, अक्षापासून 120 अंशांवर. समोर जाणारं जाऊ दे. आरसे आणि सौरपट्ट्या खराब करतं ते मागे वळलेलं. नॉझलच्या भिंतीलगतचा संथ थर कडेवरून मागे पसरतो, न जळलेल्या इंधनाचे थेंबही कडेवरूनच सुटतात. उरलेले क्रिस्टल 30, 60 आणि 90 अंशांवर.

क्रिस्टल ठरावीक वारंवारतेने कंपतो आणि त्यावर काही बसलं की ती वारंवारता घसरते. 15 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एक हर्ट्झ घसरण म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण 2 नॅनोग्रॅम. 50 हर्ट्झ घसरले तर 100 नॅनोग्रॅम, म्हणजे पाण्याच्या घनतेचा जेमतेम एक नॅनोमीटर जाड थर. हा हिशोब घट्ट चिकटलेल्या पातळ थरापुरताच. ओला थेंब बसला की क्रिस्टल त्याचं पूर्ण वजन सांगत नाही. म्हणून शेजारी काचेची साक्षीपट्टी ठेवा आणि नंतर तिच्यातून अतिनील प्रकाश किती जातो ते बघा.

आता माझी फजिती. पहिल्याच चाचणीत इंजिन चालू असताना आकडा धडाधड घसरला. आम्ही खूश! वीस मिनिटांनी तो जवळपास मूळ जागी. लाल झालेल्या नॉझलच्या उष्णतेने क्रिस्टल तापला होता, बाकी काही नाही. तेव्हापासून प्रत्येक क्रिस्टलशेजारी एक झाकलेला जोडीदार असतो. दोघांतला फरक तेवढा धरायचा, तोही तापमान स्थिरावल्यावर.

इंजिन न पेटवता एक अख्खी रात्र नोंद घ्या. पंपाचं तेल बसत असेल तर इथेच कळतं. चाचणीच्या निर्वात चेंबरचा दाब 10⁻⁵ मिलीबारच्या आसपास राहिला तर रेणू काही मीटर न आदळता जातात. दाब वाढू दिलात, तर भिंतीवरून परतलेला वायू तुम्ही प्लूमच्या नावावर जमा कराल.

छोटे स्पंद, म्हणजे इंजिन क्षणभरच पेटवणं, वेगळे मोजा. पेटताना आणि विझतानाच ज्वलन अपुरं राहतं, त्यामुळे सारख्याच इंधनात शंभर छोटे स्पंद एका लांब ज्वलनापेक्षा जास्त घाण करतात.

शेवटी थंड ठेवलेला क्रिस्टल हळूहळू तापवा. कोणत्या तापमानाला किती वजन उडतं, त्यावरून पाणी, अमोनिया आणि चिकट क्षार यांचा अंदाज येतो. तापवूनही जे राहतं, तेच अहवालात सगळ्यात वर लिहा.

हायड्राझिन वर्गातलं (विषारी) इंधन असेल तर चेंबर उघडायची घाई नको. थंड भिंतींवर गोठलेलं विष गरम होताना हवेत येतं. आधी नायट्रोजनने धुवा, मग वायूशोधकाचा आकडा बघा, आणि तरीही श्वसनयंत्र लावूनच आत जा.