चिनी पंडितांचा इतिहास वाचायचाय? आधी परीक्षेच्या कोठडीत शिरा

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला माझी अभ्यासिका आहे. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँक, सगळ्या प्रकारची पोरंपोरी सकाळपासून येऊन बसतात. मी काउंटरवर बसते, फी घेते, मोबाईलवर मोठ्याने बोलणाऱ्याला बाहेर काढते आणि उरलेला वेळ वाचते. बरीच वर्षं वाचन एकाच गोष्टीभोवती फिरतंय: बादशाही चीनमधले विद्वान. पुस्तकाचं कव्हर बघून एखादा विचारतोच, “काकू, हे वाचायचं तर सुरू कुठून करायचं?” त्याला दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

कन्फ्यूशियसपासून सुरू करू नका. सगळे तिथूनच करतात, वीस-पंचवीस सुवचनं वाचतात, मान डोलावतात आणि पुस्तक परत देतात. शाळेत भेटलेल्या ह्युएन त्संगपासूनही नको. तो सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या भागात आला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. पण तो बौद्ध भिक्षू. आपल्याला हवाय तो वर्ग वेगळा: परीक्षा देऊन अधिकारी होणारा, कचेरीत खटले निकाली काढणारा, संध्याकाळी कविता करणारा आणि दोस्ताला सुंदर अक्षरात पत्र लिहिणारा. त्याच्या घरात शिरायचं दार म्हणजे परीक्षा.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे फक्त परीक्षेवर काढा. चिनी भाषेत तिला ‘केजू’ म्हणतात. सुरुवात सुई घराण्यात, सहाव्या-सातव्या शतकाच्या सांध्यावर. शेवट 1905 मध्ये. एका कोऱ्या कागदावर मिंग-छिंग या शेवटच्या दोन घराण्यांच्या काळाची (1368 ते 1912) उतरंड काढा: खाली जिल्ह्याची परीक्षा, वर प्रांताची, तिच्यावर राजधानीची आणि टोकाला खुद्द बादशहासमोरची. प्रांताची आणि राजधानीची परीक्षा साधारण दर तीन वर्षांनी. पाठ करायचे ग्रंथ सगळे धरले तर चार लाखांहून जास्त चिन्हं. हे नुसतं वाचायचं नव्हे, तोंडपाठ हवं.

मग नानजिंगच्या परीक्षा-संकुलाचं चित्र शोधा. छिंगच्या अखेरच्या काळात तिथे वीस हजारांहून जास्त कोठड्या होत्या. चित्र निवांत बघा, घाई करू नका. अरुंद बोळ, बोळाच्या एका अंगाला ओळीने कोठड्या. दार नाही. भिंतींना खाचा आणि दोन फळ्या. दिवसा एक फळी बसायला, दुसरी लिहायला. रात्री दोन्ही एका पातळीवर सरकवल्या की झाला बिछाना, तोही पाय मुडपूनच झोपण्याजोगा. प्रांताच्या परीक्षेच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन दिवस दोन रात्री आतच. शाई, कुंचले, पांघरूण, स्वयंपाकाचं भांडं सगळं स्वतः न्यायचं. (आपल्याकडचा उमेदवार असता तर कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर निभावलं असतं.) फाटकावर झडती अशी की कॉपी लपवलीय का ते बघायला खाण्याच्या वस्तूसुद्धा कापून बघायचे. आणि हजारोंच्या त्या गर्दीतून पास किती, तर शंभराच्या आसपास.

हे माझ्या पोरांना सांगितलं की ती एकदम सावध होऊन ऐकतात. एसीचं भाडं जास्त का, ही तक्रार त्या दिवसापुरती बंद होते.

यानंतर पेपर तपासण्याची पद्धत वाचा. सोंग घराण्याने दहाव्या-अकराव्या शतकात दोन गोष्टी रुळवल्या. उमेदवाराचं नाव झाकायचं, आणि अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कारकुनांकडून अख्खी उत्तरपत्रिका नकलून घ्यायची. परीक्षकाच्या हाती पडायची ती नक्कल. पुढच्या काळात मूळ काळ्या शाईत आणि नक्कल लाल शाईत, अशी रीत होती. 1057 साली ओयांग शिऊ हा मुख्य परीक्षक होता. एक निबंध त्याला फार आवडला. हा आपल्याच शिष्याचा, झेंग गोंगचा असणार, असं त्याला वाटलं आणि पक्षपाताचा ठपका नको म्हणून त्याने तो पहिल्याऐवजी दुसरा ठेवला. नाव उघडलं तेव्हा कळलं, निबंध सू शी नावाच्या विशीतल्या पोराचा होता.

पण ‘केवळ गुणवत्ता’ या शब्दांवर लगेच भाळू नका. 1397 च्या राजधानीच्या परीक्षेत 52 जण पास झाले आणि बावन्नच्या बावन्न दक्षिणेकडचे निघाले. उत्तरेकडचे खवळले. मिंग बादशहाने फेरतपासणी लावली. तपासणाऱ्यांनी निकाल योग्यच आहे असं सांगितलं. तेव्हा त्याने त्यांच्यातल्या काहींना मृत्युदंड दिला आणि स्वतः नवी यादी काढली, सगळी उत्तरेकडची. त्यानंतर तीसेक वर्षांत प्रदेशवार कोटा ठरला: दक्षिण 55, उत्तर 35, मधला प्रदेश 10. कारण उघड होतं. दक्षिणेत पैसा होता, छापखाने होते, शिकवणारे होते. एक मुलगा वीस वर्षं शेतात न जाता पाठांतर करत बसणार म्हणजे त्याला पोसणारं कुणीतरी हवं. फान झोंगयान या सोंग मंत्र्याने 1050 च्या सुमारास सूझोऊला भाऊबंदांसाठी सामाईक जमीन राखून ठेवली होती. अशा जमिनींच्या उत्पन्नातून कुळातल्या मुलांची शिक्षणं होत गेली. कुणाही विद्वानाचं चरित्र वाचताना हा प्रश्न विचारायचाच: याचा खर्च कोण करत होतं?

आता वहीचं काम. नावांची वही घाला, नाहीतर महिन्याभरात डोकं फिरेल. या लोकांना जन्मनाव असतं, मोठेपणी मिळालेलं दुसरं नाव असतं, वर स्वतः घेतलेलं टोपणनाव. आपल्याला शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच हे माहीत असतं, म्हणून अडत नाही. तिकडे सू शी, सू झीझान आणि सू दोंगपो हे तिघे मित्र आहेत असं समजून माणूस पुढे वाचत जातो. वांग शोऊरेन म्हणजेच वांग यांगमिंग. शिवाय जुन्या इंग्रजी पुस्तकांतली स्पेलिंगं निराळी. प्रत्येकाला एक पान द्या: नावं, जन्म-मृत्यू, कुठल्या साली पास, कुठे नेमणूक, कुठे हद्दपारी. शेवटचा रकाना रिकामा सहसा राहत नाही.

पहिला माणूस म्हणून सू शीच घ्या. 1037 ते 1101. त्याच्या काळात वांग आनशी या मंत्र्याने कर्ज, जमीन, परीक्षा सगळ्यांतच सुधारणा आणल्या आणि दरबार दुभंगला. सू शी विरोधी बाजूचा. 1079 मध्ये त्याच्या कवितांत सरकारवर टीका आहे म्हणून त्याला पकडून राजधानीत आणलं, एकेका ओळीचा अर्थ त्याच्याकडून वदवून घेतला. जीव वाचला, रवानगी झाली हुआंगझोऊला. हुद्दा नावापुरता, पगाराची बोंब. तिथे त्याने गावाच्या पूर्वेकडच्या उतारावर पडीक जमीन कसली, आणि त्याच उतारावरून ‘दोंगपो’ हे नाव घेतलं. पुढे पुन्हा वर चढला, हांगझोऊला तळ्यातला गाळ काढून बांध घातला, पुन्हा पडला, थेट हायनान बेटावर गेला. नकाशा समोर ठेवून हे सगळं पेन्सिलीने जोडा. कैफेंग (तेव्हाची राजधानी), हुआंगझोऊ, हांगझोऊ, हुईझोऊ, हायनान. मग त्याच्या कविता वाचा. आधी वाचल्यात तर नुसती चंद्र-नदी-दारू वाटेल.

यानंतर तत्त्वज्ञान. इथेच बहुतेक जण गळतात, कारण ‘ली’ (सूत्र), ‘छी’ (ऊर्जा-द्रव्य) असल्या कल्पनांच्या व्याख्या पाठ करत बसतात. माझं म्हणणं सरळ आहे: या पंडितांची मोठमोठी भांडणं एका प्रश्नावर आणून ठेवा. अभ्यास कशासाठी करायचा, आणि कसा? तेवढं धरलं की बाकीचं आपसूक जागेवर येतं.

झू शी (1130–1200) म्हणायचा, जगातल्या प्रत्येक गोष्टीत एक सूत्र आहे. ग्रंथ वाचत, वस्तू तपासत, पायरी पायरीने त्याच्याकडे जा. लू जिऊयुआन म्हणायचा, सूत्र तुझ्या मनातच आहे, आधी तिथे बघ. 1175 मध्ये दोघांची समोरासमोर चर्चा झाली, जमलं नाही. तरी 1181 मध्ये झू शीने आपल्या ‘श्वेत हरीण गुहा’ विद्यापीठात लूला व्याख्यानाला बोलावलं. लूने कन्फ्यूशियसचं एकच वाक्य घेतलं, सज्जनाला न्याय कळतो, क्षुद्राला फायदा. आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही परीक्षेसाठी रात्रंदिवस घोकता ते यातल्या कशासाठी? ऐकणाऱ्यांतले काही रडले. हवेत गारवा असूनही झू शीला घाम फुटला आणि तो पंख्याने वारा घेत राहिला, अशी नोंद आहे. नंतर त्याने प्रतिस्पर्ध्याचं ते व्याख्यान दगडावर कोरून घेतलं. मला हा प्रसंग अख्ख्या विषयात सगळ्यात आवडतो.

आणि गंमत बघा. झू शीच्या शेवटच्या वर्षांत त्याच्या शिकवणीवर ‘खोटी विद्या’ म्हणून बंदी होती. तो गेल्यावर सव्वाशे वर्षांच्या आत, 1313 मध्ये, त्याचीच भाष्यं परीक्षेसाठी अधिकृत ठरली आणि पुढची जवळजवळ सहाशे वर्षं पोरं तीच घोकत बसली. वांग यांगमिंगने (1472–1529) तरुणपणी झू शीचा शब्द प्रमाण मानून बांबूतलं सूत्र शोधायला सात दिवस बांबूसमोर बसून काढले. सूत्र काही सापडलं नाही, आजारी तेवढा पडला. त्याने पुढे जे मांडलं, की जाणणं आणि करणं वेगळं काढता येत नाही, त्याचा धागा इथून ओढत न्या.

झू शीची वाचनाची रीत मात्र स्वतः करून बघा. दोनशे शब्द झेपत असतील तर शंभरच घ्या, असं तो सांगायचा, पण त्या शंभरांवर जीव तोडून मेहनत करा. मेन्शियस या कन्फ्यूशियसपंथी विचारवंताचा एक परिच्छेद घ्या, मोठ्याने वाचा, पुस्तक मिटून म्हणा, पुन्हा वाचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. अभ्यासिकेत मोठ्याने वाचायला मीच बंदी घातलीय, तेव्हा हे गच्चीवर किंवा सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन करा.

बायका या परीक्षेला बसू शकत नव्हत्या, म्हणून त्यांना वहीतून गाळू नका. ली चिंगचाओ (जन्म 1084) ही सोंग काळातली थोर कवयित्री. नवऱ्याने जमवलेल्या शिलालेखांच्या ग्रंथाला तिने जोडलेला मजकूर मिळाला तर नक्की वाचा. जेवण झाल्यावर दोघं चहा करून बसायची आणि पैज लावायची: अमुक गोष्ट कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर, कितव्या ओळीत? जिंकेल त्याने आधी चहा प्यायचा. तिची स्मरणशक्ती दांडगी, आणि जिंकल्यावर हसू असं फुटायचं की चहा अंगावरच सांडायचा. 1127 मध्ये उत्तर चीन जुर्चेन आक्रमकांच्या हाती गेला, दोन वर्षांनी नवरा वारला, आणि गाड्या भरभरून जमवलेला संग्रह पळापळीत जळाला, लुटला, चोरीला गेला. प्रत्येक वेळी काय गेलं ते ती लिहीत जाते. विद्वानाच्या घराचा इतका जवळून दिसणारा तुकडा दुसरा मला सापडलेला नाही.

छिंग काळात पुराव्यावर अडून बसणारे अभ्यासक आले. त्यातला एक यान रुओचू पुरा. पोरं पिढ्यान्‌पिढ्या जे पवित्र म्हणून घोकत आली, त्या प्राचीन दस्तऐवजांच्या ग्रंथातली बरीच प्रकरणं मागाहून बनवलेली आहेत, हे त्याने एकेक उतारा ताडून दाखवलं. बाकीचे नंतर वाचलेत तरी चालेल.

नापासांसाठी मात्र वहीत वेगळा भाग ठेवा, आणि मोठा ठेवा. भूत-कोल्हिणींच्या कथा लिहिणारा पू सोंगलिंग (1640–1715) प्रांताच्या परीक्षेत कधीच पास झाला नाही. सत्तरी ओलांडल्यावर ज्येष्ठतेवर एक पदवी मिळाली. गुई योऊगुआंग राजधानीला आठ वेळा नापास होऊन 1565 मध्ये साठीला आला तेव्हा पास झाला. हाँग शिऊछुआन वारंवार नापास झाला, एका अपयशानंतर तापात त्याला दृष्टान्त झाले, आणि 1850 नंतर त्याने उभ्या केलेल्या ताइपिंग बंडात कोट्यवधी माणसं मेली. व्यवस्था वरून कशी दिसते ते पास झालेले सांगतात; ती माणसाच्या मनाचं काय करते ते या भागात कळतं.

शेवटी लिऊ दापेंग घ्या. शान्शी प्रांतातला, 1894 मध्ये प्रांताची परीक्षा पास, राजधानीची कधीच नाही. व्यापाऱ्याच्या घरी मुलांना शिकवायचा आणि नेमाने रोजनिशी लिहायचा. 1905 मध्ये परीक्षाच बंद झाली तेव्हा मन राखेसारखं झालं, असं त्याने लिहिलंय. नंतर कोळशाच्या खाणीत लक्ष घातलं, शेती केली, रोजनिशी चालूच ठेवली, 1942 मध्ये मरेपर्यंत. त्याच वर्षी शेजारच्या हपेई प्रांतात आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस वारले. तेव्हा हे पान लिहून झालं की एकदा भय्या चौकातल्या स्मारकात जाऊन या, आणि तिथल्या फोटोंतली खेडी नीट बघा. दापेंगची शेवटची वर्षं युद्धातल्या अशाच उत्तर चिनी मुलखात गेली.

मराठीत यावर सलग असं माझ्या हाती फारसं लागलं नाही, इंग्रजीवरच भिस्त ठेवावी लागते. इंग्रजी अडत असेल तर आधी सू शीचं चरित्र घ्या. त्यात गोष्ट असल्याने शब्द अडले तरी माणूस पुढे सरकतो. झू शी दिवाळीनंतर.