शिल्प लिलावाला देताय? आधी ते उलटं करून बघा

फोटो, मापं, वजन, सही. एवढं कुणालाही सुचतं, मलाही सुचलं होतं. शिल्प ज्यावर उभं असतं त्या बैठकीकडे मात्र मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आत्याच्या दिवाणखान्यात साठच्या दशकातलं एक अमूर्त शिल्प होतं. वेल्डिंग केलेलं लोखंड, खाली सागवानी ठोकळा. पिलू पोचखानवाला, आदी दावियरवाला यांच्या पिढीतल्याच एका मुंबईकर शिल्पकाराचं काम. नाव सांगत नाही, भाव अजून ठरायचाय. ठोकळ्याचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला, वर चहाच्या कपाचा गोल डाग. लिलावात बरं दिसावं म्हणून मी काळ्या ग्रॅनाइटची चकचकीत बैठक करून घेतली आणि ठोकळा भंगारात दिला. लिलावगृहाकडून शिल्प बघायला आलेल्या बाईंचा पहिलाच प्रश्न, "बैठक मूळची आहे?" दुसरा, "जुनीच्या तळाला काही चिकटवलेलं होतं?" होतं ना. पिवळा पडलेला कागद, टाइप केलेल्या दोन ओळी, गॅलरीचा अर्धा पुसलेला शिक्का. मला तो मळका कागद वाटला होता. बाईंनी वहीत लिहिलेला अंदाजे किमतीचा आकडा माझ्यासमोर खोडला आणि जवळजवळ निम्मा लिहिला.

तेव्हा आधी शिल्प उलटं करा. एकट्याने नाही, दोघांनी, खाली गादी घालून, कारण जुने सांधे कधी दगा देतील सांगता येत नाही. तळाला गॅलरीची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, खडूची खूण, पेन्सिलीचे आकडे, जे असेल त्याचा फोटो घ्या आणि जिथल्या तिथे राहू द्या. खरवडू नका, वर सेलोटेप लावू नका. बैठक कुरूप असली तरी ती बदलू नका. वाळवी असेल तर जाणकाराकडून औषध मारून घ्या, पण बैठक तीच ठेवा. आधुनिक शिल्पकलेतला मोठा शिल्पकार ब्रँकुशी बैठका स्वतः कोरायचा आणि त्या शिल्पाचाच भाग मानायचा. आपल्या शिल्पकाराने तसं मानलं होतं की नव्हतं, हे ठरवणारे आपण कोण?

चमकवायचं तर अजिबात नाही. पितळ किंवा ब्राँझ दिसलं की आपल्याकडे लगेच पितांबरी निघते. वरचा काळपट-हिरवट थर म्हणजे मळ नव्हे. तो बहुतेक वेळा शिल्पकाराने मुद्दाम आणलेला असतो आणि एकदा गेला की गेला. धूळ मऊ ब्रशने झटका, बस्स.

मग धातू. लोहचुंबक लावून बघा. ब्राँझला तो चिकटत नाही, म्हणजे 'ब्राँझ' म्हणून लोखंड विकायची नामुष्की तरी टळते. वेल्डिंगचं काम सहसा एकच नग असतं. ओतकामाच्या मात्र प्रती निघतात, म्हणून कडेला 3/8 (म्हणजे आठातली तिसरी प्रत) असं काही कोरलंय का, ओतशाळेचा शिक्का आहे का, ते शोधा. फ्रान्समध्ये 12 नगांपर्यंतच 'मूळ' मानतात, 8 क्रमांक घातलेले आणि 4 कलाकाराचे स्वतःचे. शिल्पकार गेल्यावर ओतलेली प्रत त्याच्या हयातीतल्या प्रतीच्या भावात धरू नका.

कागद: बिल, प्रदर्शनाचं पुस्तक, पत्र. यातलं काहीच नसेल तर घरचे अल्बम काढा. आत्याच्या एका दिवाळीच्या फोटोत मागे शिल्प दिसतं, ठोकळ्यासकट! त्या एका फोटोने माझी थोडीफार लाज राखली. पण फोटोत ठोकळ्याचा तळ दिसत नाही.

आता भाव. आमच्या मेहुण्यांनी 'अमूर्त ते अमूर्तच' म्हणत चित्रकार गायतोंड्यांच्या चित्राचा 2021 च्या लिलावातला 39.98 कोटींचा आकडा पुढे केला. तो बाजूला ठेवा. चित्रांचा बाजार वेगळा, शिल्पांचा वेगळा, आणि शिल्पांना गिऱ्हाईक कमी. त्याच शिल्पकाराची त्याच दशकातली, त्याच धातूची, जवळपास त्याच उंचीची कामं शोधा. दावियरवालांचं लाकूड आणि त्यांचं पोलाद एकाच तक्त्यात घालून सरासरी काढली तर ती कशाचीच नसते. लिलावाच्या निकालात छापलेल्या आकड्यात बहुधा खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे बोलीवर त्याने लिलावगृहाला द्यायची जादा रक्कम, मिसळलेलं असतं, लिलावाआधीच्या अंदाजात ते नसतं. हातोडा 20 लाखांवर पडला आणि प्रीमियम 20 टक्के असलं, तर छापून येतात 24 लाख. तुमच्या हाती 20 मधूनही कमिशन वजा होऊन येतं. आणि न विकली गेलेली कामं? निकालांच्या पानावर ती बऱ्याचदा नसतातच. जुने कॅटलॉग निकालांशी ताडून बघा, गळलेले लॉट, म्हणजे न विकले गेलेले नग, सापडतील. खरा भाव तिथे कळतो. विम्यासाठी काढलेली किंमत चढी असते, ती धरून बसू नका.

उरलेलं भराभर. राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली विकायचं नाही ती, लेखी घ्या. न विकलं गेलं तर परत आणायचा खर्च कुणाचा, ते करारात बघा. कर: शिल्प घरगुती सामानात धरत नाहीत, भांडवली नफा लागतो, आणि वारशाने आलेलं जुनं असेल तर खरेदीची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत लागू शकते, सीएला विचारा. विमा घरातून निघाल्यापासूनचा हवा. खोकं लाकडी. बैठक वेगळ्या खोक्यात जात असेल तर दोन्हींवर एकच लॉट नंबर घाला, आणि ते खोकं आपल्या डोळ्यांदेखत गाडीत चढवा.