गच्चीवरचं मिठागर

उरण-पेणचे आगरी मीठ बनवत नाहीत, पिकवतात. त्या पिकाला हवं ते ऊन आणि कोरडी हवा पुण्यात एप्रिल-मेमध्ये भरपूर. पाणी मात्र कोकणातूनच आणायचं. मुरूड-हरिहरेश्वरकडून येताना 10 लिटर भरून घ्या, तेही मोकळ्या समुद्राचं. खाडीत गोडं पाणी मिसळतं, सांडपाणीही.

पाणी रात्रभर निवळू द्या आणि चौपदरी सुती कापडातून गाळा. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ते साधारण दोन इंच चढतं. अ‍ॅल्युमिनियमची परात नको, खारं पाणी तिला खातं. वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा आणि ट्रे गच्चीवर उन्हात ठेवा.

पाणी आटत 2 लिटर उरेपर्यंत तळाशी पांढरी, बेचव खर बसू लागते. ते जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा एक क्षार. सव्वा लिटरवर आलं की पाणी गाळून लहान ट्रेमध्ये घ्या, नाहीतर मीठ दाताखाली कचकचतं. मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात नेतात, त्यामागे हेही कारण आहे. अंडं तरंगलं म्हणजे पाणी तयार, असं समजू नका. ते बरंच आधी तरंगतं.

लिटरभर पाणी राहिलं की दुपारी पृष्ठभागावर साय धरते. नीट पाहा: आतून पोकळ, चौकोनी, उलट्या पिरॅमिडसारखे कण तरंगत असतात. लाकडी चमच्याने ते बुडवत राहा. साय तशीच राहिली तर खालचं पाणी आटत नाही.

खरं कसब पुढे आहे. पाणी 300 मिलीच्या आसपास आलं की थांबा आणि ट्रे तिरका करून ते काढून टाका. बोटांना ते तेलकट लागतं, चवीला कडू असतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार साठलेले असतात. पूर्ण आटवण्याचा मोह झाला तर वजन वाढेल, पण मीठ कडवट होईल आणि जुलैत बरणीत त्याला पाणी सुटेल. लमाणांचे तांडे बैलांवर मीठ लादून घाट चढत. ओल्या मिठाचं ओझं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं.

हे मीठ साध्या पाण्याने धुतलंत तर विरघळून जाईल. अर्ध्या पेल्यात 100 मिली पाणी आणि 40 ग्रॅम मीठ ढवळा, वरचं निवळ पाणी मिठावर शिंपडा आणि फडक्यात निथळा. दोन उन्हं दाखवली की 200 ग्रॅमच्या आसपास मीठ हाती येतं. यात आयोडीन नसतं, त्यामुळे रोजच्या जेवणात नेहमीचंच मीठ असू द्या. हे कैरीच्या फोडींवर घ्या. काढलेलं कडू पाणी कुंडीत ओतू नका, झाड जळेल.