‘वुल्फ’चं गोत: पाठांतर सोडा, विग्रह करा

‘रोज दहा नवे इंग्रजी शब्द पाठ करा’ असा सल्ला कुणी दिला तर मान डोलवा आणि विसरून जा. असे सुटे शब्द महिनाभरही टिकत नाहीत. त्यापेक्षा एकच साधा शब्द धरावा आणि त्याचं अख्खं गोत गोळा करावं. शिकवताना मी बहुतेक वेळा ‘वुल्फ’ घेतो, कारण इंग्रजी शब्द कसे बनतात याच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा त्यात सापडतात.

एक. शब्दकोशातून ‘वुल्फ’ने सुरू होणारे शब्द वहीत उतरवा, ‘वुल्फ’ने संपणारे वेगळ्या पानावर. अर्थ इतक्यात लिहू नका.

दोन. उच्चार पक्का करा. ‘वुल्फ’, ‘फुल’मधल्यासारखा ऱ्हस्व उ. ‘वॉल्फ’ नाही. अनेकवचन ‘वुल्व्ह्ज’. क्रियापदात मात्र फ तसाच राहतो: ‘ही वुल्फ्स डाउन हिज लंच’, तो जेवण अधाशासारखं गिळतो.

तीन. इथे गाडी अडते. जोडशब्द आला की मुलं दोन्ही तुकड्यांचे अर्थ शेजारी ठेवतात आणि कामाला लागतात. ‘वुल्फहाउंड’? लांडग्यासारखा कुत्रा! अजिबात नाही. आयरिश वुल्फहाउंड हा लांडग्यांची शिकार करायला पाळलेला कुत्रा. १६५२ मध्ये हे कुत्रे आयर्लंडबाहेर न्यायला सरकारी हुकमाने बंदी घातली गेली, कारण लांडगे फार झाले होते. याउलट ‘वुल्फडॉग’ म्हणजे आज लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. हाउंड काय, डॉग काय, कुत्राच. पण एक शब्द लांडग्याचा वैरी सांगतो आणि दुसरा त्याचं पिल्लू.

यावर उपाय शाळेतच शिकवलेला असतो: समासाचा विग्रह. इंग्रजीचे क्लासवाले मराठी व्याकरणाचं नावही काढू देत नाहीत, हा निव्वळ हट्ट आहे. प्रत्येक शब्दापुढे मराठीत विग्रह लिहा. वुल्फहाउंड: लांडग्यांसाठी हाउंड. वुल्फपॅक: लांडग्यांचा कळप, दुसऱ्या महायुद्धात टोळीने जहाजांवर तुटून पडणाऱ्या जर्मन पाणबुड्यांनाही हेच नाव होतं. वुल्फ स्पायडर: लांडग्यासारखा कोळी, कारण या कुळातले बहुतेक कोळी जाळं न विणता भक्ष्यावर झडप घालतात. वुल्फ्सबेन: लांडग्यांचा काळ, म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातली विषारी वनस्पती. विभक्ती बदलली की अर्थ बदलला, आणि इंग्रजी ही विभक्ती बहुधा लपवून ठेवते. ती तुम्हीच शोधायची, अंदाजाने नव्हे, कोशातली व्याख्या वाचून.

शेवटचं पद मुख्य, हा नियम बराचसा चालतो: वुल्फ स्पायडर हा कोळीच, वुल्फफिश हा मासाच. पण प्राण्यांच्या नावांत त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. आफ्रिकेतला ‘आर्डवुल्फ’ वाळवी खाऊन जगतो आणि तरसाच्या कुळातला आहे. दक्षिण अमेरिकेतला ‘मेन्ड वुल्फ’ खरा लांडगा नाही. ‘टास्मानियन वुल्फ’ तर पोटाला पिशवी असलेला प्राणी; त्याच्या जातीतला शेवटचा ज्ञात प्राणी १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. युरोपातून गेलेल्या लोकांनी जे दिसेल त्याला ओळखीचं नाव चिकटवलं, दुसरं काय!

‘वेअरवुल्फ’ म्हणजे लांडगा होणारा माणूस; या शब्दात आणखी एक खड्डा आहे. त्यातला ‘वेअर’ म्हणजे ‘होते’ नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘वेर’ म्हणजे पुरुष. लॅटिन ‘विर’ आणि आपला संस्कृत ‘वीर’ त्याचेच भाऊबंद. ‘वुल्फ’ आणि ‘वृक’ हेही मुळात एकच. म्हणून ‘वुल्फ डाउन’ शिकवताना मी भीमाला बोलावतो: वृकाप्रमाणे उदर आहे ज्याचे तो वृकोदर, बहुव्रीही. वर्गातल्या कुणालाही ते क्रियापद पुन्हा सांगावं लागत नाही.

चार. वाक्प्रचारांचा विग्रह करू नका, ते अख्खे उचला, स्वतःच्या वाक्यासकट. ‘क्राय वुल्फ’ला ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट पुरे. ‘कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर’ म्हणजे चूल पेटती राहील एवढं कमावणं. ‘वुल्फ इन शीप्स क्लोदिंग’ बायबलमधून आलेला आहे. त्याच्यापुढे ‘वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव’ लिहून मोकळे होऊ नका. आपलं गाढव दुबळं असून जोराचा आव आणतं, तिकडचा लांडगा क्रूर असून गरिबीचा.

पाच. लॅटिन-ग्रीक पाहुण्यांना एक पान पुरतं. लॅटिन ‘ल्युपस’वरून ल्युपाइन हे विशेषण, ल्युपिन हे फूल आणि ल्युपस हा आजार. ग्रीक ‘लायकोस’वरून लायकॅन्थ्रपी, म्हणजे माणूस लांडगा होतो ही समजूत. नावांतही ‘वुल्फ’ दडून बसतो: रुडॉल्फ, अॅडॉल्फ. आणि रसायनशास्त्रात टंगस्टनची संज्ञा ‘डब्ल्यू’ का, हा प्रश्न पडला असेल तर उत्तर आहे वोल्फ्राम, त्याच धातूचं जर्मन नाव.

सहा. उजळणीला यादी नको. वहीत शब्दांपुढचे विग्रह झाका, नुसते शब्द बघून ते पुन्हा लिहा. जिथे विभक्ती चुकेल तेवढेच शब्द दुसऱ्या दिवशीच्या पानावर घ्या.