औषध सुरू झाल्यावर मुलाचे वागणे बदलले तर

पावसाळा लागला की गोव्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास लागतो आणि दम्याच्या व ॲलर्जीच्या मुलांचे पालक आमच्या फार्मसीत चिठ्ठ्या घेऊन येऊ लागतात. त्यांतल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर माँटेलुकास्ट असते, पुष्कळदा लेव्होसेटिरिझिन या ॲलर्जीच्या औषधाच्या जोडीने. बहुतेक मुलांना माँटेलुकास्टचा त्रास होत नाही. मात्र काहींना भयानक स्वप्ने पडतात, चिडचिड किंवा उदासी वाढते आणि क्वचित आत्महत्येचे विचारही येतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मार्च २०२० मध्ये त्याच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा घालायला लावला.

फोंड्याकडची एक आई सांगत होती की तिचा सहा वर्षांचा मुलगा रात्री किंचाळत उठतो. दृष्ट काढून झाली होती, शाळेत कोणी मारले का हेही विचारून झाले होते. बिलावरची तारीख पाहिली, तेव्हा माँटेलुकास्टची गोळी सुरू होऊन नऊ दिवस झाले होते आणि किंचाळणे पाचव्या रात्रीपासूनचे होते. डॉक्टरांनी औषध बदलले आणि काही दिवसांत मुलगा पूर्ववत झोपू लागला. तारखा जुळल्या म्हणजे औषधच कारण, असे सिद्ध होत नाही. पण त्या हाताशी नसतील तर डॉक्टरांना अंदाजानेच बोलावे लागते.

म्हणून नवे औषध सुरू करण्यापूर्वी मुलाची झोप, भूक, राग आणि खेळणे कसे आहे ते चार ओळींत लिहून ठेवावे. पुढे रोजची नोंद वहीत करावी. दुधाचा हिशेब जिथे लिहितो त्या दिनदर्शिकेच्या चौकोनातही ती मावते. ‘विचित्र वागला’ या शब्दांचा उपयोग नाही. ‘रात्री दोनला ओरडत उठला, मला ओळखले नाही, दहा मिनिटांनी झोपला’ असे लिहावे. ताप, नेब्युलायझर आणि घरातूनच दिलेले सर्दीचे सिरपही नोंदवावे, कारण तीव्र तापात मूल बरळते, नेब्युलायझरमधल्या साल्ब्युटामॉलने हात थरथरून अस्वस्थता येते, आणि झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या औषधांनी काही मुले उलट चेकाळतात.

सर्वांत अवघड प्रश्न औषध थांबवण्याचा असतो आणि त्याचे उत्तर औषधागणिक वेगळे आहे. माँटेलुकास्टवर असे बदल दिसले तर पुढची मात्रा देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा. ते बहुधा बंदच करायला सांगतात. फिटसाठीच्या लेव्हेटिरासिटामने मुले आक्रमक होऊ शकतात, पण ते आपल्या मनाने एकदम सोडले तर फिट परत येऊन जीव धोक्यात येतो. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडनेही मूड आणि झोप बिघडते. ते बरेच दिवस चालू असेल तर हळूहळूच कमी करावे लागते. नैराश्याच्या गोळ्यांवर असलेल्या किशोरवयीन मुलांवर पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलताना विशेष लक्ष ठेवावे.

मूल मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा बोलले, किंवा त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर नोंदी पूर्ण होण्याची वाट पाहू नये. त्याला एकटे न सोडता, घरातली सगळी औषधे कुलपात ठेवून, १०८ ला फोन करावा किंवा थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा आपत्कालीन विभाग गाठावा. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

संशयित दुष्परिणाम पालकही कळवू शकतात. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, आणि ग्राहकांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. औषधच दोषी, याची खात्री नसली तरी कळवता येते.

शेवटी, मुलाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर औषधातल्या घटकाचे नाव लिहावे, गोळीच्या ब्रँडचे नव्हे. म्हापशात एका नावाने मिळालेली गोळी मडगावात दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या रंगाच्या पाकिटात मिळते, आणि पुढच्या पावसाळ्यात वेगळे डॉक्टर तीच पुन्हा लिहून देण्याची शक्यता असते.